भागवतरांच्या डाव्या हाताला

१

सकाळी कॉफी पोटात गेली की आवूर नीलमेघम आधी शिव्या द्यायचे आणि मग व्हायोलिन काढायचे. शिव्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, पेपरातला संगीत-समीक्षक. तो बापडा कधीच मेला होता. त्याच्या जागी त्याचा जावई लिहायला लागला होता, पण सासऱ्याकडून घराबरोबर वाक्यंही मिळाली असावीत. मैलापुरातल्या कुठल्याही गाण्याच्या सभेत शठकोप भागवतर गायले की दुसऱ्या दिवशी भागवतरांवर दोन रकाने, मृदंगावर चार ओळी, आणि अगदी खाली, जाहिरातीच्या डोक्यावर जेवढी जागा उरेल तेवढ्यात, "व्हायोलिनवर आवूर नीलमेघम यांनी सावलीसारखी साथ केली."

"सावली म्हणे!" नीलमेघम पेटी उघडता उघडता भिंतीला सांगत. "सावलीच्या बोटांना चिरा पडतात का? सावलीला मूळव्याध होते का?"

"तुमची मूळव्याध पेपरात कशी छापतील?" स्वयंपाकघरातून अलमेलू विचारायची. बायको म्हणून तिचा आवाज वरच्या पट्टीतलाच होता.

खरं सांगायचं तर हा माणूस मोठा. आवूरच्या गोठ्यात गाईच्या शेपटीचे फटके खात बापाने त्याला वाजवायला शिकवलं. विशीत तो शहरात आला तेव्हा भागवतरांनी त्याला नखशिखान्त पाहून म्हटलं होतं, "बघू या नीलू, तुला माझ्या मागे येता येतं का." आला तो मागेच राहिला, जन्मभर. भागवतरांचा श्वास कुठे वळणार हे भागवतरांच्या आधी नीलमेघमना कळायचं. शेवटच्या वर्षांत तर म्हातारा गाता गाता वाट विसरायचा. तेव्हा नीलमेघम केसभर आधी हळूच तो सूर ठेवायचे, आणि म्हातारा आंधळ्याने काठी धरावी तसा तो धरून पुढे जायचा. हे कुणाला कळलं नाही. पेपराने लिहिलं: सावलीसारखी साथ.

आता भागवतर आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, गेले, आणि मार्गळीच्या थंडीत गाण्याचा मोसम असतो त्यातली त्यांची ठरलेली संध्याकाळ रिकामी पडली. सभेचे सेक्रेटरी वरदकुट्टी यांनी गायक शोधले, सगळे आधीच अडकलेले. शेवटी ते नीलमेघमच्या माडीवर येऊन घाम पुसत म्हणाले, "अण्णा, एकट्याने वाजवाल?"

"विचार करून सांगतो," नीलमेघम म्हणाले, आणि वरदकुट्टींचा पाय खालच्या पायरीवर पडायच्या आत गॅलरीतून ओरडले, "हो!"

तर त्या सकाळी ते चटईवर बसले. तंबोऱ्याच्या जागी असते ती सुराची पेटी चालू केली, ती गुणगुणायला लागली. व्हायोलिनचं तोंड उजव्या घोट्यावर टेकवलं. तिथे जन्मभराच्या टेकण्याने चिंचोक्याएवढा काळा घट्टा पडला होता. डाव्या बोटांना खोबरेलाचा थेंब चोळला. तोडी राग. गज तारेवर ठेवला.

गज हलला नाही.

ते थांबले. कशासाठी थांबलोय हे त्यांनाच कळेना. मग कळलं, आणि हसू आलं. साथीदाराने कधी सुरुवात करायची नसते. गायक एक ओळ आळवतो, व्हायोलिनवाला केसभर मागून ती धरतो. गायक दम घ्यायला थांबला की याने तेच आपल्या बोटांनी परत मांडायचं, उत्तर द्यायचं. प्रश्न कायम दुसऱ्याचा. हात बिचारा प्रश्नाची वाट बघत होता.

"गाढवा," नीलमेघम हाताला म्हणाले, "तो गेला. आता तूच."

हात निघाला. बरा निघाला. तेवढ्यात अलमेलू आली आणि चटईच्या कडेला, थोडं मधे, स्टीलचा थर्मास ठेवून वळली.

"हे काय?"

"मिरे-सुंठीचं पाणी."

"मी कधी पितो?"

अलमेलूने थर्मासकडे असं पाहिलं की जणू तो आपल्या पायांनी चालत आला. मिरे-सुंठीचं पाणी भागवतरांचं. नीलमेघमची उत्तर द्यायची पाळी आली, अगदी नाजूक जागा आली, की म्हातारा हमखास झाकण फिरवायचा. की-र्र. मग घोट, मग खाकरणं. जन्मभर नीलमेघमच्या प्रत्येक नाजूक जागेवर ते की-र्र वाजलं होतं.

"अगंबाई," अलमेलू म्हणाली. "ते सरावाला यायचे तेव्हा करायची ना. हात आपोआप वळला."

"सगळ्या घराचे हात आपोआप वळायला लागलेत," नीलमेघम करवादले. "उचल ते."

२

सिंगापूरच्या मुलाने पाठवलेला टेपरेकॉर्डर घरात होता. त्याच्यावर अलमेलू पुराण ऐकायची. नीलमेघमनी दुसऱ्या दिवशी पुराणाच्या कॅसेटवर आपली तोडी भरून घेतली. (पुढे महिनाभर घरात भगवंताचा अवतार अर्ध्यावर अडकून राहिला, त्यावरून जे झालं ते इथे नको.)

वाजवताना त्यांना फार बरं वाटलं होतं. सलग, एका ओघात, कुठे अडलं नव्हतं. दुपारी जेवून, पानाचा तोबरा भरून, ते जमिनीवर आडवे झाले आणि बटण दाबलं.

सुराची पेटी गुणगुणत होती. बराच वेळ नुसती तीच. मग व्हायोलिन आलं, एक ओळ वाजली आणि थांबली. परत नुसती पेटी. मग परत एक ओळ. परत नुसती पेटी.

नीलमेघम उठून बसले. कॅसेट अडकते म्हणावं तर पेटीचा सूर अखंड होता. म्हणजे टेप नीट चालत होती. ते स्वतःच थांबत होते. पण ते थांबले नव्हते! त्यांच्या बोटांना आठवत होतं, सगळं सलग होतं.

आता म्हातारपणी माणूस वाजवताना डुलकी काढू शकतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सभेच्या पहिल्या रांगेत ऐकताना लोक काढतातच की. हे पटलंही. पण मग कॅसेट पुढे गेली आणि ते तुकडे लक्ष देऊन ऐकताना त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं राहिलं.

ती उत्तरं होती. प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी मागून निघत होता. कुणी गंधारावर रेंगाळलं असेल तरच असा निघेल, कुणी वर जाऊन घसरून आलं असेल तरच असा उतरेल. टेलिफोनवर बोलणाऱ्याचं नुसतं "हो", "छे", "कधी?" ऐकून पलीकडचा काय बोलतोय ते कळावं, तसं नीलमेघमना त्या रिकाम्या जागांमधलं गाणं कळत गेलं. भागवतरांचीच चाल. भागवतरांचाच दम. जन्मभर ऐकलेलं, त्यात चूक होणार नव्हती.

फक्त एक होतं. जन्मभर ऐकलेलं होतं म्हणूनच त्यांना पक्कं ठाऊक होतं की यातली एकही ओळ भागवतर हयातीत कधी गायले नव्हते.

बाहेर भांडीवाला ओरडत गेला. नीलमेघमनी बटण बंद केलं आणि पान खिडकीतून थुंकले. खालून कुणीतरी त्यांच्या आईची विचारपूस केली. त्यांना बरं वाटलं.

३

"अण्णा, हा रोग मला माहीत आहे," तंगवेलू म्हणाला. हा मृदंगवाला. पोट असं की मृदंग मांडीवर आहे की पोटावर हे लांबून कळायचं नाही. भागवतरांच्या उजव्या हाताला त्याने तितकीच वर्षं काढली होती. "माझ्या आत्याचा नवरा बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर घरात चालताना प्रत्येक खांबापाशी थांबायचा."

"मी तुला बस वाटतो का?"

"बस नाही हो. सवय म्हणतोय मी." त्याने तपकीर ओढली. "आणि नवीन ओळी म्हणाल तर त्या तुमच्याच. डोकं तुमचं, नाव त्यांचं. एवढी वर्षं त्यांचं नाव लावायची सवय."

नीलमेघमना हे इतकं पटलं की रागच आला. "मग ती ओळ मला आधी सुचते आणि मी तिची वाट बघतो, असं का? माझंच मला मागून का यायचं?"

"ते मला विचारू नका. मी कातडं बडवणारा माणूस."

"तुला तरी तो 'बेश' म्हणायचा!"

बेश. तुमच्याकडचाच शब्द, तंजावरच्या मराठी राजांबरोबर आमच्याकडे आला आणि इथेच राहिला, आता परत मागू नका. गायकाने चालू मैफलीत साथीदाराकडे वळून 'बेश' म्हटलं की साऱ्या सभेची मान डोलते. भागवतर तंगवेलूला म्हणायचे. खंजिरीवाल्याला म्हणायचे. एकदा सभेच्या उपाहारगृहातल्या रवा डोशालाही म्हणाले होते. नीलमेघमनी उत्तर संपवून नजर वर केली, की म्हातारा थर्मासचं झाकण लावता लावता म्हणायचा, "हं."

नाराज नाही, खूश नाही. नुसतं हं. दुकानदाराने सुटे पैसे परत द्यावेत तसं.

"अण्णा," तंगवेलू तपकिरीची डबी मिटत म्हणाला, "एक करा. म्हातारा जन्मात गायला नाही असा राग घ्या. मग बघू कुठून मागे लागतो."

"कुठला?"

"आहिरी."

नीलमेघम खो खो हसले. आहिरी आळवली की त्या दिवशी अन्न मिळत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. भागवतरांचं गाण्याखालोखाल प्रेम अन्नावर, नव्हे, गाणं खालोखाल असेल. ते आहिरीचं नावसुद्धा काढायचे नाहीत, 'तो राग' म्हणायचे.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गज तारेवर ठेवला आणि गज निघाला. वाट न बघता.

नीलमेघम घाबरून थांबणारच होते, पण थांबले नाहीत. आहिरी रडवी बाई आहे, पदर धरून बसते, पण त्या सकाळी ती त्यांच्याशी बोलली. त्यांच्या बापाचा गोठा आला, आवूरचा कालवा आला, आणि इतक्या वर्षांत कुणालाही सांगायची सोय नव्हती अशा कितीतरी गोष्टी बोटांतून आल्या. मधे एकदा तर त्यांनी एका सुरावरून दुसऱ्यावर अशी उडी मारली की स्वतःच "आँ?" म्हणाले.

टेप चालू होती. संपल्यावर लगेच लावली. सलग! एकही रिकामी जागा नाही. नीलमेघमनी उठून, वयाला न शोभेल असं, कंबर हलवली.

त्याच वेळी स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मांजराने सांबार सांडलं होतं. भात अलमेलूने त्या धावपळीत करपवला. तंगवेलू हॉटेलातून इडल्या घेऊन आला तर पुडी वाटेत फुटलेली, इडल्या गटारात. तिघं उपाशी हसत बसली, आणि नीलमेघम म्हणाले, "बघ, म्हातारा उगाच घाबरत नव्हता."

"लावा तरी, काय एवढं वाजवलंत," अलमेलू म्हणाली.

कॅसेट परत लावली. अलमेलूने डोळे पुसले, मग कांद्यामुळे म्हणाली. घरात त्या दिवशी कांदा चिरलाच नव्हता. शेवटचा सूर विरला. गज खाली ठेवल्याचा टक आवाज आला. पेटी गुणगुणत राहिली. सकाळी ऐकताना नीलमेघमनी इथेच टेप बंद केली होती, नाचायच्या घाईत. आता ती थोडी पुढे गेली.

"हं."

तंगवेलूची तपकिरीची चिमूट नाकापाशी थांबली.

नीलमेघमनी टेप मागे घेतली. टक. पेटी. हं. परत मागे घेतली. हं.

"हा," नीलमेघम म्हणाले, "हा त्यांचा."

"काहीतरीच," अलमेलू म्हणाली. "हा तुमचाच आवाज आहे."

"मी कधी हं म्हणतो?"

"रोज म्हणता! मी पानात सांबार वाढलं, म्हणता हं. सणाला नवीन साडी नेसून पुढे उभी राहिले, हं. इतकी वर्षं ऐकतेय." ती उठली आणि पदर खोचत आत गेली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तंगवेलू तपकिरीची डबी तिथेच विसरून जिना उतरला. हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

५

मैफलीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. उपाहारगृहातल्या तुपाचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता आणि निम्मी सभा त्याच्याच भरवशावर आली होती. सेक्रेटरी वरदकुट्टी माईकवर भागवतरांबद्दल इतकं बोलले की भागवतरच गाणार आहेत असं वाटावं. शेवटी म्हणाले, "आज त्यांची सावली आपल्यापुढे वाजवेल." नीलमेघमनी पडद्यामागे दात आवळले. सावली कसली, आज दाखवतो!

पडदा वर गेला. ते आत आले, नमस्कार केला, बसले. व्हायोलिनचं तोंड घोट्यावर टेकवलं. पेटी लावली. तार जुळवली. तंगवेलूकडे पाहिलं.

तंगवेलू विचित्र तोंड करून त्यांच्याकडे बघत होता. सभा शांत होती. वाजवीपेक्षा जास्त शांत.

"अण्णा," तंगवेलू ओठ न हलवता म्हणाला, "सरका. मधे."

नीलमेघमनी समोर पाहिलं. रंगमंचाच्या मधोमध मोठी चटई, मोठा माईक, पुढे झेंडूची माळ. रिकामी. आणि ते स्वतः बसले होते त्याच्या डाव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी, जिथे रंगमंचावरच्या गड्यानेही नेहमीप्रमाणे छोटी चटई आणि छोटा माईक मांडून ठेवला होता. एकट्याची मैफल, आणि हा शहाणा साथीला बसला होता.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग साऱ्या सभेने प्रेमाने टाळ्या वाजवल्या. ते प्रेम गालफडात मारल्यासारखं लागलं. नीलमेघम उठले, धोतर सावरलं, चार पावलं सरकून मधल्या चटईवर बसले.

"ती चटई उचलू का?" पडद्याआडून गड्याने विचारलं.

"राहू दे रे आता, किती घोळ," वरदकुट्टी तिकडूनच कुजबुजले.

अलमेलूने पिशवीत काय काय भरून दिलं होतं ते कुणीतरी बाजूला मांडून ठेवलं होतं. पंचा, खोबरेलाची बाटली, स्टीलचा थर्मास. नीलमेघमनी थर्मास पाहिला आणि मनात बायकोला एक शिवी घातली. मग डोळे मिटले आणि आहिरी सुरू केली.

६

आली. त्या सकाळी आली होती त्याहून जवळ आली. वाट बघायची नव्हती, मागे जायचं नव्हतं. सभा खोकायची थांबली. पहिल्या रांगेतली सोन्याच्या चष्म्याची मामी, जी मैफलीत फक्त स्वेटर विणायची, तिच्या सुया थांबल्याचं नीलमेघमना डोळे मिटून कळलं. गोठा आला, कालवा आला. उडी मारायची ती जागा जवळ आली. इतकी नाजूक की ते स्वतःच श्वास धरून होते.

की-र्र.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या गाढवाने, या जागेवर, थर्मास...

त्यांनी डोळे उघडले.

थर्मास त्यांच्या हातात होता. झाकण अर्धं फिरलेलं. वाफ वर येत होती, मिऱ्याचा वास होता.

आणि व्हायोलिन वाजत होतं.

नीलमेघमनी लगेच मान वळवली नाही. आधी विचार केला, तेवढी अक्कल त्यांना होती. भोंग्यातून येत असेल. वरदकुट्टींनी कॅसेट लावली असेल, हा माणूस काहीही करू शकतो. मीच वाजवतोय आणि म्हातारपणाने मला हात दिसत नाहीत. मग त्यांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर पंचा होता.

त्यांनी सभेकडे पाहिलं. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सोन्याच्या चष्म्याची मामी, समीक्षकाचा जावई, पडद्याआडचा गडी, सगळ्यांच्या माना एका बाजूला वळलेल्या होत्या, त्यांच्या डाव्या हाताला. मामी रडत होती. तंगवेलूसुद्धा तिकडेच बघत होता आणि त्याचं तोंडभर पसरलेलं असं हसू नीलमेघमनी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

उत्तर चाललं होतं. त्यांनीच आत्ता वाजवलेल्या ओळींचं, केसभर मागून, नीटनेटकं, त्यांच्याहून चांगलं. ती उडी मारायची जागा तर त्याने अशी घेतली की नीलमेघमना आपली उडी पोरकट वाटली. काय वाजवतोय हा! किती वर्षांचं आहे हे!

तेव्हा कुठे त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. छोट्या चटईची कड दिसली. धोतराची घडी दिसली. उजवं पाऊल, घोट्यावर टेकलेलं व्हायोलिनचं तोंड, आणि तिथे चिंचोक्याएवढा काळा घट्टा. त्याच्या वर त्यांनी पाहिलं नाही.

कोमट, तिखट पाणी घशातून उतरत होतं. ते कधी तोंडाला लावलं हे त्यांना आठवेना. खाकरायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तरी खाकरले.

ओळ उतरायला लागली. आता संपेल. संपली की तो नजर वर करील. ती नजर कशी वर येते, तिच्यात काय असतं, कुठल्या एका शब्दासाठी ती इतकी वर्षं वर येत राहिली, हे या सभागृहात नीलमेघमइतकं कुणाला ठाऊक होतं? एवढं दे त्याला, ते स्वतःला म्हणाले. तुझ्या बापाचं काय जातंय? त्यांनी ओठ ओठांवर दाबून ठेवले, शब्द तयार ठेवला, घट्ट, जीव खाऊन.

शेवटचा सूर विरला. डाव्या हाताला धोतर सळसळलं, कुणीतरी मान वर केली.

त्यांची बोटं झाकण फिरवायला लागली, आणि तोंड म्हणालं,

"हं."